लिफ्टवाल्याचा खिसा

खिसा शिवलेला होता. जवळचा चष्मा दुकानात मशीनवरच राहिला होता, म्हणून आधी वाटलं, डोळे फसवत असतील. मी बाकांच्या मधून पुढे गेले, मागे आले, मान तिरकी करून पाहिलं, पण खिसा शिवलेलाच होता. चर्चच्या डाव्या भिंतीवर छतापासून खाली बाहत्तर चौकोन टांगले होते. त्यातल्या खालून तिसऱ्या ओळीतला सातवा माझा, आणि त्यावरच्या राखाडी खिशाचा खालचा कोपरा मी मुद्दाम तसाच उसवलेला ठेवला होता. तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. आता नव्हतं. भर दुपारची वेळ, चर्चमध्ये कोणी नव्हतं, मेणाचा आणि ओल्या फरशीचा वास येत होता. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो त्या जागी काढण्यासारखा नव्हता. काढला. मग एका बाकाच्या कडेवर टेकले आणि भिंतीकडे बघत बसले. मंगळवारची माझी जेवणाची सुट्टी तेवढ्यातच संपली.

फादर त्याला 'आपल्या वस्तीचं वस्त्रचित्र' म्हणतात. बाकी सगळे गोधडी म्हणतात. चर्चला येणारे, न येणारे, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने आपल्या एखाद्या माणसाच्या कपड्याचा तुकडा द्यायचा, वीतभर चौकोनावर तो शिवायचा आणि खाली कापडी पट्टीवर दोन शब्द घालायचे, अशी ती योजना. बेकरीवाल्याने अ‍ॅप्रनची नाडी दिली. नर्सबाईंनी आपल्या आईच्या झग्याची कॉलर. समोरच्या इमारतीतल्या जुळ्यांची लाळेरी एकाच चौकोनात दाटीवाटीने बसवलेली आहेत, आणि कोणाचा कोण जाणे, एक मोजा आहे, नुसता मोजा, खाली लिहिलंय 'दुसरा सापडला तर कळवा.' तो पाहून पहिल्यांदा मी हसले होते. माझ्या चौकोनाखाली लिहिलंय 'लिफ्टवाल्याचा खिसा'. लिफ्टवाला म्हणजे माझा नवरा. तो लिफ्ट चालवायचा नाही, दुरुस्त करायचा, पण गल्लीत एवढा फरक कोण करतो? तीन वर्षं झाली त्याला जाऊन. अनावरण रविवारी झालं, तेव्हा मी आले नव्हते. एका लग्नाचे सहा झगे सोमवारी सकाळी द्यायचे होते आणि सहाच्या सहा नवरीच्या मैत्रिणी ऐन वेळी जाड झाल्या होत्या. खरं सांगायचं तर झगे शनिवारीच झाले असते. लोकांच्या गर्दीत उभं राहून तो खिसा बघायची मला भीती वाटत होती. भोक सगळ्यांना दिसावं असंही वाटत होतं, आणि दिसताना मी तिथे असू नये असंही.

मी कपडे दुरुस्त करते. लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे, एक खिडकी, एक दिवा, आणि लोखंडी दांड्यावर चिठ्ठ्या टाचलेले लोकांचे कपडे. पँट दोन इंच वर, कंबर एक इंच सैल, चेन बदला, बाही काढा. सव्वीस वर्षांत या वस्तीतलं कोण किती वाढलं, किती आटलं, हे मला डॉक्टरच्या आधी कळत आलंय. आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. उसवलेलं दिसलं की हात शिवशिवतात. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरचा दोरा लोंबत असेल तर माझा स्टॉप येईपर्यंत मी तेवढंच बघते. गिऱ्हाईक चेन बदलायला देतं आणि मी न सांगता बटणही घट्ट करून देते. लोक म्हणतात, काय हो तुमचं लक्ष! आणि याच माझ्या घरात एक माणूस रोज सकाळी उसवलेल्या खिशाने कामावर जात होता.

त्याला कंपनी वर्षाला दोन शर्ट द्यायची, राखाडी, छातीवर एकच खिसा. त्या खिशात त्याचा टेस्टर असायचा, वीज तपासायचा तो बारका पेचकस, टोक खाली करून ठेवलेला. टोक टोचून टोचून खिशाचा खालचा कोपरा सुटायचा. दर शर्टाचा तोच कोपरा. लग्न झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी शिवला, अगदी हौसेने, दुहेरी दोरा घालून. मग मुलगी झाली, मग दुकान चालायला लागलं, आणि मग एकदा तो म्हणाला, "खिसा सुटलाय बघ," आणि मी म्हटलं, "ठेव तिथे, पाच मिनिटांचं काम आहे." ठेवला त्याने. सकाळी तसाच घालून गेला. त्या 'ठेव तिथे'ची नंतर सवय होऊन गेली. तो सांगायचा, मी ठेव म्हणायचे, तो ठेवायचा, सकाळी उचलायचा. तक्रार नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर मी चिडून का होईना शिवला असता. तो चालताना एक हात छातीवर धरून चालायला शिकला, टेस्टर पडू नये म्हणून. गल्लीतल्या लोकांना वाटायचं काय अदबशीर माणूस आहे, सगळ्यांना छातीवर हात ठेवून नमस्कार करतो! मलाही गंमत वाटायची. मी ती गंमत चार जणींना सांगितलीसुद्धा आहे.

एकदा टेस्टर खाली गेला. तो सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या दारात वाकलेला होता आणि टेस्टर खिशाच्या भोकातून सुटून थेट तळापर्यंत गेला. रात्री जेवताना त्याने मला सांगितलं, "इतका वेळ आवाजच आला नाही गं. मी वाट बघत राहिलो." मी विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना? नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी नवीन टेस्टर आणला आणि त्याच खिशात ठेवला. मी काय केलं? मी त्या आठवड्यात बँक मॅनेजरच्या सुटाचं अस्तर बदललं. इतकं सुरेख झालं की तो माणूस मुद्दाम आभार मानायला परत आला. माझा नवरा गेला तेव्हा खुंटीवर त्याचा शेवटचा शर्ट होता, कोपरा उसवलेला. छातीतच काहीतरी झालं म्हणाले डॉक्टर, खिशाशी त्याचा संबंध नाही, हे मला समजतं, मी काही खुळी नाही. पण शर्ट खुंटीवर होता आणि आता माझ्याकडे पाच मिनिटं होती, वाटेल तेवढी पाच मिनिटं होती, आणि शिवण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून गोधडीचं आलं तेव्हा मी तो खिसा भोवतीच्या कापडासकट कापला, चौकोनावर बसवला, आणि कोपरा तसाच ठेवला. कोणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, टांगू दे भिंतीवर. ज्याला कळेल त्याला कळेल की शिवणारणीच्या नवऱ्याचा खिसा फाटका होता. आयुष्यात एक गोष्ट मी कबूल करायला निघाले होते, आणि तीसुद्धा कोणीतरी नीटनेटकी करून टाकली.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मी परत गेले. गोधडीच्या समितीच्या प्रमुख बाई मागच्या खोलीत गीतांची पुस्तकं रचत होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, गल्लीत त्यांना इंचपट्टी म्हणतात, अर्थात पाठीमागे. चौकोन जोडण्याचं सगळं काम त्यांच्या हाताखाली झालं. एक दोरा इकडचा तिकडे झाला तर त्यांना झोप लागत नाही. मी सरळच विचारलं, माझ्या चौकोनाला हात कोणी लावला?

"कोणी नाही हो. का, काय झालं?"

"खिशाचा कोपरा शिवलाय."

"मग तो उसवलेला होता का?" त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "आमच्याकडे आला तेव्हा तर व्यवस्थित होता. मी स्वतः प्रत्येक चौकोन तपासून घेतलाय, वहीत खूण आहे. आणि समजा शिवला असेल कोणी, तर चांगलंच केलं की. देवाच्या घरात फाटकं टांगायचं का?"

"मला तो फाटकाच हवा होता."

"का?"

आता या 'का'ला मी काय सांगणार होते? त्या खरोखरच विचारत होत्या, पेन्सिल हातात धरून, लिहून घ्यायच्या तयारीने. सांगायला लागले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, ठेव तिथे, सहावा मजला, बँक मॅनेजरचं अस्तर, आणि मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून 'होतं असं' म्हटलं असतं. ते मला सहन झालं नसतं. मी म्हटलं, "तशी डिझाइन होती." त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, डिझाइन! अहो, मग पट्टीवर तसं लिहायचं ना. आम्हाला वाटणार, तुम्ही घाईत विसरलात." मी विसरले! सव्वीस वर्षं धंदा करणाऱ्या बाईला ती म्हणते, घाईत विसरलात. आणि यातलं सगळ्यात झोंबणारं हे की शब्द अगदी बरोबर होता. रागाने माझे कान गरम झाले. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन कुंपणाला टेकून उभी राहिले. राग कोणावर काढायचा तेच कळेना.

घरी मुलीवर काढला. ती बिचारी कामावरून आली होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, दिवसभर लोकांच्या शिरा शोधून सुया टोचते. ती डावरी आहे. लहानपणी मी तिला शिवण शिकवायचा प्रयत्न केला होता, पण समोर बसवलं की तिला माझं सगळं उलटं दिसायचं, शेजारी बसवलं की कोपराला कोपर लागायचं. टाके सगळे चुकीच्या बाजूला झुकलेले, आणि गाठ मारायची म्हणजे दोरा बोटाभोवती सहा-सात वेळा गुंडाळून वाटाण्याएवढी गुठळी करायची, सुटू नये म्हणून. मी ती गुठळी पाहिली की ओरडायचे. नवव्या वर्षी एकदा मी तिच्या हातातून कापड ओढून घेतलं आणि म्हटलं, राहू दे, तुझ्याच्याने नाही व्हायचं. मग तिचा बाबा तिला हाक मारायचा, "ए डावे, ये, आपण पेचकस लावू." सुई तिच्या हातात टिकली, पण बिनदोऱ्याची. मंगळवारी ती भाजी चिरत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून समितीतल्या एकेकीचा उद्धार करत होते. इंचपट्टीला तर मी सोडलंच नाही. चौकोन मुलीनेच कामावर जाता जाता चर्चमध्ये दिला होता, म्हणून मी तिला विचारलं, "तू कोणाच्या हातात दिलास गं?"

"खोक्यात टाकला. नाव लिहिलेलं होतं."

"लगेच?"

"दोन-तीन दिवस बॅगेत राहिला. मग टाकला." तिने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "जाऊ दे ना आई. शिवला कोणीतरी. चांगल्या मनानेच शिवला असेल ना?"

"चांगल्या मनाला माझ्या खिशात काय काम?" मी म्हटलं. ती खाली बघून भाजी चिरत राहिली. जेवतानाही तिने मान वर केली नाही. मला वाटलं, दमली असेल. लोकांच्या कपड्यांवरून मला त्यांच्या घरातली भांडणं ओळखता येतात. माझ्या समोर बसून भात कालवणाऱ्या पोरीकडे मी नीट पाहिलंही नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी टाके उसवायची छोटी कात्री रुमालात गुंडाळून नेली. सोबत सुई आणि राखाडी दोरा होता, तो माझ्या पिशवीत कायमच असतो. घंटा वाजवणारे काका दरवाजाजवळ पितळेचे दिवे पुसत होते. मी म्हटलं, "काका, स्टूल मिळेल का? माझ्या चौकोनाचा एक दोरा लोंबतोय." शिवणाऱ्या बाईचा शब्द कोण खोटा म्हणेल? त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं, हलतं का ते दाबून पाहिलं आणि पुन्हा दिव्यांकडे गेले. मी चढले. खिसा छातीच्या उंचीवर आला. रंगीत काचेतून आलेला तांबडा कवडसा नर्सबाईंच्या कॉलरवर पडला होता. मी चष्मासुद्धा लावला नाही, उसवायला आम्हाला डोळे लागत नाहीत. कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं, कट. मनात म्हटलं, ही घ्या तुमची वहीतली खूण. दुसरा, कट. तिसरा, कट. बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं होत होतं. भोकाची सुरुवात झाली. आता दोरा ओढला की बाकीचे टाके सरसर निघायला हवे होते. ओढला. निघेना. आत कुठेतरी अडकला होता. म्हणून मी वरून खिशात दोन बोटं घातली, जिथे त्याचा टेस्टर असायचा तिथे, कोपऱ्यापर्यंत. बोटाला गाठ लागली. वाटाण्याएवढी.

मी चष्मा लावला. टाके मोठे होते, एकाला एक नसलेले, दोरा दुहेरी, आणि सगळे, सुटलेले तीन सोडून उरलेले सहाही, उलट्या बाजूला झुकलेले. समितीतली एकही बाई असं शिवत नाही. या वस्तीत असं शिवणारा एकच हात आहे, आणि त्या हाताला मीच सांगितलं होतं की राहू दे, तुझ्याच्याने नाही व्हायचं. मी स्टुलावरून उतरले नाही. तिथेच उभी राहून मुलीला फोन लावला. मागे लॅबमधली यंत्रं गुणगुणत होती.

"तू शिवलास," मी म्हटलं.

तिने तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कळलं तुला."

"काल का नाही सांगितलंस? मी त्या बाईला काय काय बोलले!"

"तू ओरडत होतीस."

"अगं पण का शिवलास? मी तो तसाच ठेवला होता ना?"

"बघवेना मला. सगळ्या गल्लीसमोर टांगणार होते ते. लोक हसले असते आई. म्हणाले असते, ही जगाचे कपडे शिवते आणि हिच्या नवऱ्याचा खिसा बघा."

"तेच म्हणायला हवं होतं त्यांनी," मी म्हटलं, आणि माझा आवाज एवढा मोठा आला की काकांनी दिवा पुसायचं थांबून वर पाहिलं. "तेच म्हणावं म्हणून ठेवला होता. खरं आहे ते. इतकी वर्षं त्याने सांगितलं आणि मी शिवला नाही."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ती त्यांना 'आले' म्हणाली, पण गेली नाही. "मी विचारलं होतं बाबांना," ती म्हणाली. "दहावीत होते. म्हटलं, द्या, मी शिवते, वाकडा तर वाकडा. नको म्हणाले."

"नको का?"

"म्हणाले, राहू दे डावे, तुझी आई शिवेल."

"एकदा म्हणाला असेल."

"दरवेळी," ती म्हणाली. "मी दरवेळी विचारायचे. दरवेळी तेच. चिडून नाही गं, तू शिवणारच आहेस असं. आई, मला आत जायचंय. तू उसवलास का सगळा?"

"तीन टाके."

"मग शिव ना आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भिंतीसमोर उभी राहिले. म्हणजे तो वाट बघत होता. मी समजत होते तो विसरला, सोडून दिलं त्याने, चालवून घेतलं. आणि तो छातीवर हात धरून माझी वाट बघत होता. सरळ म्हणायचं होतंस की रे, मला तो तुझ्याच हातून शिवून हवाय! एकदा तरी ओरडायचं होतंस! मला त्याचा इतका राग आला की दात आवळले गेले, आणि हे त्याला सांगायला आता कुठे जायचं? पिशवीतून सुई काढली. दोरा ओवायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, डोळे साफ नव्हते. मुलीचे सहा टाके तसेच ठेवले, तिची गाठही. तिचा तुटका दोरा माझ्या दोऱ्याखाली दाबून घेतला आणि दुसऱ्या टोकाकडून माझ्या बाजूचा टाका घालत आले, लहान, दाट, दुहेरी, पहिल्या वर्षी घालायचे तसे. तिचे टाके तिकडे झुकलेले, माझे इकडे. जिथे भेटले तिथे ते काही सुंदर दिसत नव्हतं, इंचपट्टीला झोप लागणार नाही असं दिसत होतं. मी दोरा दातांनी तोडला आणि खिशात बोट घालून कोपरा दाबून पाहिला. घट्ट होता. टेस्टर राहिला असता.

"झालं का बाई?" काकांनी विचारलं. "सुट्टी संपत आली असेल तुमची."

मी दाराजवळच्या घड्याळाकडे पाहिलं. सुई ओवली तेव्हाही पाहिलं होतं, सवयीने. इतकी वर्षं मी आपली पाच मिनिटं म्हणत आले. चार लागली होती.